घाटातला उपसरपंच

“बोला काहीतरी,” आप्पा म्हणाले.

बाळू लेंडे आमच्या अंगणात माईक धरून उभा होता. स्पीकर गोठ्याच्या पत्र्यावर चढवलेला. त्यानं माईकवर टिचकी मारली, घसा साफ केला आणि समोर बघितलं. समोर होतं कोण? आप्पा, त्यांना सल्ले देणारे दगडूनाना, चहाचं ताट घेतलेली आई, उंबऱ्यावर मी, आणि खुंट्याला बांधलेला नवा खोंड. लेंडेला बोलायला त्यातला खोंडच सापडला.

“आणि बघाऽ बघाऽ बघाऽ! तांबेदरा गावचे प्रगतशील बागायतदार, बैलगाडा शौकीन, हरिभाऊ पोखरकर यांच्या दावणीला कालच आलेला कोसा खोंड! मान बघा, मानेचा बाक बघा! पाय लागतोय का जमिनीला? नाही लागत! आलाऽ आलाऽ आलाऽ... आणि झाऽऽली बारी!”

खोंडानं कान टवकारले. शेजारच्या घरावरची कबुतरं उडून गेली. दगडूनानांनी मांडीवर थाप मारली.

“झालं! उपसरपंच मिळाला!”

“आवाज काय लागलाय, नाना,” आप्पा म्हणाले.

“पल्याडवाडीची सगळी मतं ह्या आवाजात हायेत, हरिभाऊ. आता बघायचं कामच नाय.”

आई ताट घेऊन तशीच उभी. सरपंचपदाला उभी राहणार होती ती. तिला कुणी काही विचारलं नाही. चहा गार होतोय एवढंच ती बोलली.

चार वर्षं झाली याला. मी तेव्हा सोळाची होते आणि शाळा सोडून घरी बसले होते. त्या साली आमच्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. आप्पांनी त्या खुर्चीसाठी किती लग्नांना आहेर केले होते, किती मयतींना खांदा दिला होता, ते सगळं पाण्यात जायला नको म्हणून आईला उभं केलं. बॅनर छापून आला त्यावर आप्पांचा फोटो परातीएवढा आणि आईचा वाटीएवढा.

सरपंच लोकांच्या मतावर येतो आणि उपसरपंच नंतर निवडून आलेले सदस्य ठरवतात. पण आमच्याकडं नावं दोन्ही आधीच जाहीर करतात, वर कोण आणि खाली कोण. ओढ्याच्या अल्याड आमचं गाव, पल्याड पल्याडवाडी. गावातली मतं अर्धीअर्धी वाटली जातात, मग वाडी जिकडं झुकेल तो जिंकतो. म्हणून उपसरपंच वाडीचा द्यायचा असं ठरलं. आणि वाडीतला माणूस म्हणून यांना आठवला तो बाळू लेंडे. घाटावरचा निवेदक. घाट म्हणजे बैलगाडे पळवायची चढाची वाट. यात्रेत तिथं हजारो माणूस जमतं आणि लेंडे मचाणावर बसून प्रत्येक गाड्याच्या धावेचं, म्हणजे बारीचं, असं कौतुक करतो की मरतुकडा बैलसुद्धा शेपटी वर करतो.

तो कोसा रंगाचा खोंड घ्यायला आप्पा महिनाभर फिरत होते. दात मोजले. चारी खूर उचलून बघितले. भोवरा कुठं आहे, शेपूट कुठवर पोचतंय, गर्दीत बुजतो का, सगळं बघितलं. आधीच्या मालकाच्या आधीचा जो मालक होता त्याच्या घरी जाऊन बसले, खोंड मारका तर नाही ना हे विचारायला. जोडीला लावायच्या आधी मोकळ्या रानात पळवून बघितला. आणि उपसरपंच? एका चहात. तो पण आईनं केलेला.

लेंडे गेल्यावर आईनं कपबशा गोळा करता करता विचारलं, “नाना, ह्यांची वाडीत उठबस कुणाकडं आहे?”

“सूनबाई, अख्खा तालुका ओळखतो त्याला.”

“तालुका मत द्यायला येणार नाही. वाडी येणार.”

“अगं, आवाज ऐकलास ना?”

“आवाज ऐकला. माणूस कसाय ते विचारतेय.”

नानांनी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी खोंडाकडं. मला राहवलं नाही.

“आप्पा, खोंडाचे दात मोजले, लेंडेचे मोजले का?”

“दुर्गे, थोबाड फोडीन. शाळा सोडून बसली आणि आम्हाला राजकारण शिकवती.”

शाळा मी सोडली नव्हती. सुटली होती. आमची शाळा तालुक्याला. आधी एसटी थेट गावात यायची. मग गावचे पुढारी रंगाशेठ भोर यांनी ओढ्यावरचा जुना पूल पाडून ठेक्यात नवा बांधला, हार-नारळ झाले, आणि पहिल्याच पुरात तो वाहून गेला. राहिला फक्त मधला एक खांब, ओढ्यात उभा, दात पडलेल्या तोंडातल्या शेवटच्या दातासारखा. एसटी फाट्यावरच थांबायला लागली. ओढा तुडवून, वाडीतून फाट्यापर्यंत चालत जायचं. त्या रस्त्यावर रंगाशेठचा पुतण्या रोज मोटारसायकल आडवी घालायचा. एक दिवस मी त्याच्या तोंडावर जेवणाचा डबा हाणला. स्टीलचा. वांग्याच्या भाजीसकट. त्याचा दात गेला आणि माझी शाळा गेली. पोरीला एकटं पाठवायचं नाही, असं आप्पांनी ठरवलं. पुतण्याला काही कुणी घरी बसवलं नाही.

आईचं त्या निवडणुकीत एकच म्हणणं होतं, पूल. भाषणात नाही, भाषण तिला द्यायचंच नव्हतं. भाकरी थापता थापता मला म्हणायची, “पूल झाला की एसटी येईल. एसटी आली की तुझी दहावी.”

“मला नाही करायची दहावी.”

“तुला कोण विचारतंय?”

आणि समोर उभी होती रंगाशेठचीच बायको, निर्मलाताई. तिचाही फोटो वाटीएवढाच होता.

प्रचार सुरू झाला. जीपवर भोंगा, पुढं लेंडे, मागं आम्ही. निशाणी कपबशी. पहिल्याच दिवशी आप्पांनी त्याला समजावलं.

“बाळासाहेब, पुलाचं बोला. पहिल्या पुरात कसा गेला, पैसा कुठं गेला, जरा सोलून काढा रंगाशेठला.”

लेंडेनं कानाला हात लावला.

“हरिभाऊ, तेवढं सोडून बोला. निवेदकानं कुणाच्या गाड्याला नाव ठेवायचं नसतं. बैल माणसात घुसला तरी आपण म्हणतो, काय चपळाई! उद्या त्यांचाही गाडा घाटात यायचाय.”

“ही निवडणूक आहे हो!”

“आहे ना. आपण आपल्या गाड्याचं बोलू की. कपबशीऽ! कपबशीऽ!”

मी बारीक नजर ठेवून होते. माझं एक लक्षात आलं. बोलताना लेंडे समोरच्या माणसांकडं बघतच नाही. त्याचे डोळे गर्दीच्या कडेला असतात, नवीन कोण येतंय तिकडं. कुणी फेटेवाला दिसला की संपलं. चालू वाक्य तिथंच टाकून तो त्याचं स्वागत सुरू करतो. भैरोबाच्या आळीत रंगाशेठचा सख्खा भाऊ चालला होता, पिशवीत मेथीची जुडी घेऊन. लेंडे भोंग्यातून म्हणाला, “आगमन होतंय! दिलदार मनाचे राजे, शिवाजीशेठ भोर, आपलं कपबशी पॅनेलच्या वतीनं सहर्ष स्वागत!” बिचारा शिवाजीशेठ मेथी घेऊन रस्त्यात उभा राहिला आणि त्यानं सगळ्यांना नमस्कार केला.

“आप्पा, हा घोटाळा करणार,” मी म्हणाले.

“गप बस. मन मोठं लागतं राजकारणात.”

मग आम्ही पल्याडवाडीला गेलो. तिथं आप्पांचा अंदाज होता की आवाज ऐकून वाडी धावत बाहेर येईल. लेंडे तिथं दुप्पट जोरात बोलला. एक दार उघडलं आणि बाहेर बघून परत लागलं. कुत्री तेवढी आली.

“दुर्गा,” आई हळूच म्हणाली, “जा, कुणाच्या तरी घरी पाणी मागून ये.”

मी पाणी मागायला गेले ते अर्धा तास बसूनच आले. म्हाताऱ्या गोदामावशीनं तांब्या दिला आणि वर बोलणी पण दिली.

“ह्याला उपसरपंच करताय? ह्यो वाडीत कधी आसतो का? ह्याचा आवाज आम्ही आईकतो त्यो दुसऱ्या गावच्या भोंग्यातून. माझा नवरा गेला तवा ह्यो घाटावर. ह्याच्याच भावाचं घर जळालं तवा ह्यो घाटावर.”

पलीकडं एक बाई धान्य निवडायला सूप घेऊन बसली होती. ती लेंडेचीच बायको निघाली. तिनं मान वर न करता सांगितलं, “आमच्या घरात काय झालं ते जगाला ठाऊक हाय. यांनाच काय ते ठाऊक नसतं. सांगून बघितलं, ऐकत्यात कुठं? सांगायचंच सोडलंय आता.”

मी जीपमध्ये येऊन सगळं सांगून टाकलं. मोठ्यानं. लेंडे पुढं भोंग्यात असल्यामुळं त्याला ऐकू गेलं नाही.

दगडूनाना म्हणाले, “हरिभाऊ, तरी मी म्हणत होतो.”

“तुम्ही काय म्हणत होता? तुम्हीच आणला त्याला!”

“मी नाव सुचवलं. बघून घ्यायचं काम तुझं.”

“अर्ज मागं घ्यायची तारीखही गेली,” आप्पा कपाळ दाबत म्हणाले. “आता बाहेर तरी काढा त्याला. आजारी पडलाय म्हणून सांगा.”

“नको,” आई म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. ती जीपमध्ये आहे हे बहुतेक तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं.

“जो समोर दिसेल त्याचं तो बोलतो, असंच ना? मग मी समोर उभी राहते की.”

“तुला काही कळत नाही,” आप्पा म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले.

शेवटची सभा चावडीसमोर होती. ऊन उतरलं होतं, लोक जेवायच्या आधीच येऊन बसले होते. पल्याडवाडीतूनही पुष्कळ बाया आल्या होत्या, ओढ्यातून साड्या वर धरून. त्यांना लेंडेसाठी यायचं नव्हतं. त्यांना पुलाचं काय ते ऐकायचं होतं. ट्रॉलीचं स्टेज केलं होतं. त्यावर आप्पा, नाना, आमच्या पॅनेलचे सदस्य, कडेला आई. मी ट्रॉलीच्या चाकावर चढून बसले होते.

लेंडे रंगात आला होता. “येत्या रविवारी आपलं एकेक मत, कपबशीऽ! गरमागरम कपबशीऽ!”

आणि त्याचे डोळे कडेला गेले.

मी पण तिकडं बघितलं. चावडीच्या गल्लीतून रंगाशेठ येत होता. एकटा. हातात कासरा आणि कासऱ्याला बादल. पांढराशुभ्र, शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल. इतक्या वर्षांच्या यात्रेत लेंडेच्या तोंडून ज्याचं नाव सगळ्यात जास्त वेळा आलं असेल तो बैल. रंगाशेठ घोषणा देत नव्हता, काही नाही. बैल पाण्यावर न्यायला निघावं तसा खाली मान घालून हळूहळू चालला होता. पाणी होतं दुसऱ्या बाजूला.

“लेंडेकाका, इकडं बघा!” मी ओरडले.

पण गेला तो. गेलाच.

“आणि कोण येतंय ते बघाऽ बघाऽ बघाऽ! तांबेदऱ्याची शान, दानशूर व्यक्तिमत्त्व, रंगनाथशेठ भोर! आणि कासऱ्याला कोण? बादऽऽल! घाटाचा राजा बादऽऽल! ज्याच्या खुराची माती लोकांनी कपाळाला लावली! आला, आला, आला...”

लोक उठून उभे राहिले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बादल पण शहाणा, आपलं नाव ऐकून थांबला आणि त्यानं मान अशी उचलली की फोटो काढावा. नानांनी मागून लेंडेचा शर्ट ओढला. घाटावर गाडामालक असेच मागून शर्ट ओढतात आणि नाव-गाव कानात सांगतात. लेंडेनं बोलता बोलता कान मागं केला.

“बोला नाना, कुणाचं नाव घ्यायचं?”

“अरे, बंद कर!”

“आणि दगडूनानांच्या विनंतीवरून पुन्हा एकदा, बादऽऽल! त्याचे मालक रंगनाथशेठ, ज्यांनी या गावाला पूल दिला!”

“कुठाय पूल?” कुणीतरी ओरडलं.

“दिला होता!” लेंडे म्हणाला.

सगळी सभा हसली. पण कुणाला हसली ते सांगायला नको. आप्पांचं तोंड काळंठिक्कर पडलं. आमच्या पॅनेलचे दोन सदस्य ट्रॉलीवरून खाली उतरून बैल बघायला गेले. रंगाशेठनं हात जोडले, बादलनं ट्रॉलीसमोर शेण टाकलं, आणि दोघं जसे आले तसे निघून गेले. प्रचार संपायला थोडाच वेळ राहिला होता आणि आमच्याच माईकवरून, आमच्याच पैशाच्या भोंग्यातून त्यांचा प्रचार झाला होता.

लोकही उठायला लागले. वाडीच्या बायांनी पदर खोचले. माझ्या डोक्यात पूल गेला, एसटी गेली, असं सटासट येत होतं. मला नाही करायची दहावी असं मी रोज म्हणायचे, पण तेव्हा वाडीच्या बायांना हातानं थांबा, थांबा म्हणत होते खरं.

आई उठली. ट्रॉलीच्या पुढं आली आणि लेंडेच्या बरोबर समोर, तोंडासमोर तोंड करून उभी राहिली. त्याला आता कडेला बघताच येईना.

“लेंडेभावजी, झालं त्यांचं?”

“झालं, वहिनी.”

“आता माझं घ्या.”

माईक चालूच होता. दोघांचं बोलणं भोंग्यातून गावभर जात होतं. उठलेले लोक थांबले.

“घेतो की. कपबशीऽ...”

“कपबशीचं नको. माझं.”

लेंडेनं तोंड उघडलं. घाटावरच्या शंभर बैलांची आई-बापासकट नावं त्याला पाठ होती. इथं त्याला काही येईना. त्यानं सवयीनं कान पुढं केला, माहिती द्या म्हणून. आईनं मान हलवून नाही म्हटलं. आपलंच आपण कसं सांगायचं? मग लेंडेनं आप्पांकडं बघितलं. आप्पा उभे राहिले, चष्मा पुसला.

“ती... पोखरकरांची सून आहे.”

“आणखी?”

“आणखी म्हणजे... मिसेस आहेत आमच्या.”

खाली कुणीतरी फिस्सकन हसलं. माझं डोकं फिरलं. डबा हाणला तेव्हा फिरलं होतं तसंच. चाकावर उभी राहून मी बोंबलले, “माहेर आंबवणे! विहिरी खणणाऱ्या ठाकूजी केदाराची लेक!”

लेंडेचा चेहरा खुलला. त्याच्या कानाला माहिती मिळाली होती. “विहिरी खणणाऱ्या ठाकूजी केदारांची लेऽऽक!”

“पूल वाहून गेला तेव्हा शाळेच्या पोरी ओढ्यात अडकल्या होत्या! सगळा गाव काठावरून बघत होता!”

“सगळा गाव काठावरून बघत होता, आणि?”

“आणि हिनं गोठ्यातलं दावं कमरेला बांधलं आणि पाण्यात गेली!”

“दावं कमरेलाऽ! आणि दाव्याचं दुसरं टोक कशाला?”

“रंगाशेठच्या पुलाच्या खांबाला! तेवढाच उरला होता!”

असा हशा झाला की चावडीवरची पत्र्याची पाटी हलली. आता कुणी उठेना. वाडीच्या बाया परत खाली बसल्या.

“चार पोरी काढल्या!” मी म्हणाले.

“चाऽऽर पोरी! एकामागून एक! कुणाच्या? नावं सांग, पोरी, नावं! घाटात बिननावाचा गाडा सोडत नाही मी!”

“एक मी. गावच्या शाळेतून वाडीला निघालेल्या दोघी, गोदामावशीच्या नाती.”

“आणि चौथी?”

मला वाटलं त्याला माहीत असेल. सगळ्या वाडीला माहीत होतं. खाली बायांमधून त्याच्या बायकोनं पहिल्यांदा मान वर केली.

“तुमची सोनी, लेंडेकाका,” मी म्हणाले. “तुम्ही घाटावर होता.”

लेंडेच्या हातातला माईक खाली आला. भोंग्यातून नुसती खरखर ऐकू यायला लागली. त्यानं खाली बायकोकडं बघितलं. तिनं मान हलवली, हो म्हणून. मग त्यानं आईकडं बघितलं. एवढे दिवस एका जीपमध्ये फिरत होता, पण त्या वेळी पहिल्यांदा बघितल्यासारखं बघितलं.

त्यानं माईक वर घेतला. आम्हाला वाटलं आता काय आभाळ फाडतोय. पण त्याचा तो आवाज आलाच नाही. साधा, घरातला आवाज आला. तसा त्याला आहे हे वाडीलाही माहीत नसणार.

“अलका पोखरकर,” एवढंच म्हणाला आणि माईक ठेवून दिला.

रविवारी मतं पडली, सोमवारी मोजली. आई सरपंच झाली. वाडीनं तिला भरभरून मतं दिली आणि त्याच वाडीनं, त्याच हातानं, बाळू लेंडेला पाडलं. त्याला त्याच्या घरातली आणि शेजारची म्हणावीत एवढीच मतं मिळाली. वाडीनं एका दिवसात दोन्ही माणसं बरोबर पारखली. आमच्या पॅनेलला ते महिनाभर जमलं नव्हतं.

पण आमचे बाकीचे सदस्यही त्या सभेनंतर धडाधड पडले. सदस्य जास्त आले रंगाशेठचे, आणि उपसरपंच झाला सदस्य म्हणून निवडून आलेला खुद्द रंगाशेठ. आईच्या शेजारच्या खुर्चीत.

“मी तेव्हाच म्हणलो होतो,” दगडूनाना म्हणाले.

“मीच म्हणलो होतो,” आप्पा म्हणाले.

रंगाशेठनं पूल अडवला. दर बैठकीला पुलाचा विषय आला की त्याचे सदस्य म्हणायचे, पुढच्या बैठकीत बघू. वर्ष गेलं. माझ्या बरोबरच्या पोरी दहावी होऊन पुढं गेल्या. मी गोठ्यात शेण काढत होते आणि आईवर चिडत होते. तिनं त्यावर एकच केलं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला निवेदक म्हणून बाळू लेंडेला बोलावलं.

“परत तोच?” मी किंचाळले. “आई, तुला वेड लागलंय का?”

“तो बदलला नाही ना?”

“कुठं बदलतोय!”

“मग बरं झालं.”

झेंडावंदन झालं, सगळा गाव बसला. रंगाशेठ कडक इस्त्रीत, गर्दीच्या कडेनं उशिरा आला. आईनं लेंडेचा शर्ट मागून ओढला आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. लेंडेचे डोळे चमकले.

“आणि बघाऽ बघाऽ बघाऽ! आगमन होतंय! ओढ्यावरचा नवा पूल, पहिल्यापेक्षा रुंद, पहिल्यापेक्षा मजबूत, येत्या उन्हाळ्याच्या आत गावाला देणारे, आज इथं सगळ्यांसमोर ठरावाला पहिला हात वर करणारे, आपले लाडके उपसरपंच, रंगनाथशेठ भोऽऽर!”

वाडी टाळ्या वाजवायला लागली ती थांबेनाच. गोदामावशीनं तर उठून त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. रंगाशेठ मधोमध उभा. घाटात नाव पुकारल्यावर गाडा परत नेत नाहीत. त्यानं आईकडं बघितलं. आई समोरच उभी होती, टाळ्या वाजवत.

त्याचा हात हळूहळू वर गेला.

पूल उन्हाळ्यात झाला. त्यावर संगमरवरी पाटी आहे. रंगाशेठचं नाव परातीएवढं, आईचं वाटीएवढं. मी ती पाटी फोडायला दगड उचलला होता.

“टाक तो,” आई म्हणाली.

“त्याचं नाव का वर?”

“तुला पाटी वाचायचीय का पलीकडं जायचंय?”

जूनमध्ये पहिली एसटी आली. लेंडे पुलाच्या तोंडावर खुर्ची टाकून माईक घेऊन बसलेला. बायको शेजारी, सोनी मांडीशी. “आलीऽ आलीऽ आलीऽ! मान बघा, मानेचा बाक बघा!” ड्रायव्हर लाजून लाल झाला. कडेला रंगाशेठचा पुतण्या मोटारसायकलवर बसला होता, तोंड मिटून. तोंड उघडलं की त्याचा दात दिसायचा नाही.

अठराव्या वर्षी दहावीला बसणारी मी एकटीच. गाडीत सगळ्या माझ्यापेक्षा बारक्या पोरी. मी पायरीवर पाय ठेवला तशी आईनं मागून हाक मारली आणि डबा हातात दिला.

“वांग्याची भाजी आहे,” ती म्हणाली. “जेव फक्त.”

डबा तोच होता, एका बाजूनं चेपलेला.